दुरुस्तीच्या खुणा: भोर-वेल्ह्यातील जुन्या मोटारसायकलींचा इतिहास

जुनी मोटारसायकल घरच्या घरी पुन्हा उभी करणाऱ्याच्या कामाचे मोल आज बहुतेक ठिकाणी एकाच कसोटीवर ठरते. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती तशी ती आता दिसते का, एवढेच पाहिले जाते. टाकीवरचे क्रोम लखलखीत हवे, रंगाची छटा मूळ छटेशी जुळायला हवी, बोल्टच्या डोक्यावरचा शिक्कासुद्धा त्याच काळातला हवा. मधल्या वर्षांत गाडीवर जे जे झाले ते सगळे दोषाच्या खाती टाकून पुसून काढायचे. ही कसोटी मला अपुरी वाटते. भोर आणि वेल्हे या तालुक्यांच्या बाबतीत तर ती इतिहासाचे सरळ नुकसान करते. कारखान्याने इथली मोटारसायकल एकदा घडवली. पुढची तीस-चाळीस वर्षे तिला इथले चढ, इथला पाऊस आणि इथले मेकॅनिक घडवत राहिले. त्या घडणीच्या खुणा लोखंडावर शिल्लक आहेत. म्हणून या भागातली खोललेली जुनी गाडी ज्याच्या हाती येते त्याचे पहिले काम त्या खुणा वाचण्याचे आणि नोंदवण्याचे आहे, झळाळीचा विचार त्यानंतरचा, हे माझे प्रतिपादन आहे.

या म्हणण्याचा पहिला आधार भूगोलात आहे. भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातले डोंगरी तालुके. यातला बराच मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. ८ मार्च १९४८ रोजी ते संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, पण या लेखाचा काळ आधीचा असल्याने इथे जुनेच नाव ठेवले आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे उतरणाऱ्या सोंडांनी हा प्रदेश खोऱ्याखोऱ्यांत विभागला आहे. कानद मावळ, गुंजण मावळ, वेळवंड खोरे, रोहिड खोरे, हिरडस मावळ ही जुनी नावे तीच विभागणी सांगतात. पुणे-सातारा रस्ता पूर्वेच्या कडेने जातो. नसरापूर आणि कापूरहोळ इथून फुटणाऱ्या वाटा पश्चिमेला खोऱ्यांत शिरतात. शेजारच्या खोऱ्यात जायचे तर मधली सोंड चढून उतरायची, नाहीतर मोठ्या रस्त्यापर्यंत येऊन पुन्हा आत वळायचे. त्यात धरणांची भर पडली. भाटघरचे लॉइड धरण १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुरे झाले. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर आणि गुंजवणी ही धरणे झाली. प्रत्येक जलाशयाने जुन्या पायवाटा पाण्याखाली घेतल्या आणि काठच्या गावांना वळसा दिला. राज्याची एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली आणि हळूहळू तालुक्यांत पोचली. पण एसटी गावापर्यंत येते, वाडीवस्तीपर्यंत येत नाही. फाट्यापासून वस्तीपर्यंतचे ते शेवटचे अंतर पुढच्या काळात दुचाकीने भरून काढले.

त्या दुचाकी कोणत्या होत्या, याचा हिशेब देशाच्या उद्योगाच्या इतिहासातून मांडता येतो. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. लष्कराने मागवलेल्या ८०० बुलेट हे तिचे निमित्त. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर २५० सीसीची जावा बनवायला सुरुवात केली. तिचेच पुढचे रूप येझदी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीच्या आराखड्यावर राजदूत बाजारात आणली. पुण्याजवळ आकुर्डीत बजाजची स्कूटर १९६१ पासून बनू लागली आणि १९७२ मध्ये फिरोदियांची लुना आली. डोंगरी तालुक्यांच्या दृष्टीने या यादीत सरस ठरतील अशा दोन गाड्या: राजदूत आणि जावा-येझदी. दोन्ही टू-स्ट्रोक. इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, हलणारे भाग मोजके. पेट्रोलमध्ये तेल मिसळून टाकले की वंगणाचा प्रश्न सुटला. राजदूतला तीन गिअर, समोर जाड लिंक पद्धतीचा फोर्क आणि ओझे पेलणारी चेसिस होती. तिची ओळख देशभर दुधाच्या कॅनची गाडी म्हणून झाली, ती उगाच नाही. जावाची किक आणि गिअर एकाच दांड्यावर. बाहेर एक भाग कमी, म्हणजे तुटणारी एक वस्तू कमी. अशी यंत्रे रस्त्याकडेला बसून पाने, पक्कड आणि पॉइंट साफ करायचा पॉलिश पेपर एवढ्या सामानावर उघडता येत. गाडी कुठे बंद पडेल याचा नेम नाही आणि गॅरेज खाली मोठ्या रस्त्यावर, अशा मुलखात हा गुण वेगापेक्षा मोलाचा होता.

पण उघडता येणे आणि दुरुस्त होणे यांत फरक आहे. दुरुस्तीला सुटे भाग लागतात आणि हात लागतात. १९५१ च्या उद्योग कायद्याने किती गाड्या बनवायच्या याला परवान्याची मर्यादा घातली होती. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे, परदेशी गाडी आणणे सामान्य माणसाला जवळजवळ अशक्य होते. एकदा घरात आलेली गाडी टिकवणे हा त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता. सुट्या भागांसाठी पुणे गाठायचे. तिथे नाना पेठेत दुचाकींच्या भागांची दुकाने, आणि नव्याने न मिळणारी वस्तू शोधायला बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार. हातांची सोय त्याच काळात दुसऱ्या वाटेने झाली. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात १९६० नंतर कारखाने वाढत गेले आणि मावळातले तरुण कामाला तिकडे जाऊ लागले. टर्नर, फिटर, वेल्डर हे धंदे शिकलेली माणसे मावळपट्ट्याशी जोडलेली राहिली. मेकॅनिकचे गॅरेज, शेजारी लेथवाला, त्याच्या पलीकडे गॅस वेल्डिंगवाला अशी साखळी जिथे जमली तिथे मिळत नसलेला भाग बनवून घेणे शक्य झाले. बुश पितळेचा किंवा गनमेटलचा काढायचा, झिजलेल्या सिलिंडरला लायनर बसवायचा, आटे गेलेल्या भोकात मोठा आटा पाडायचा. बलुतेदारीत गावचा लोहार जुना फाळ पाजवून देत असे, नवा विकत घ्या म्हणत नसे. वस्तू जगवण्याची ती अपेक्षा नव्या यंत्राच्या बाबतीत लेथ आणि वेल्डिंगने पुरी केली.

या सगळ्याचा पुरावा यंत्रावर कसा उमटतो ते पाहण्यासारखे आहे. टू-स्ट्रोक इंजिनाचा सिलिंडर झिजला की तो बोअर करून थोडा रुंद करतात आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालतात. मेकॅनिक त्याला 'स्टँडर्ड', 'पहिला बोअर', 'दुसरा बोअर' असे म्हणतात, आणि पिस्टनच्या माथ्यावर ते माप बहुधा कोरलेले असते. म्हणजे काजळी पुसली की इंजिन किती आयुष्य जगले याचा आकडा समोर येतो. बोअर संपून लायनर बसलेला असेल तर कुणीतरी नव्या सिलिंडरऐवजी जुना वाचवला, हे कळते. मागच्या स्प्रॉकेटचे दात मूळ संख्येपेक्षा जास्त असतील तर कुणीतरी वेग सोडून चढ पत्करला होता. चेसिसला कॅरियरपाशी जादा पट्टी वेल्ड केलेली दिसली तर गाडीने नेमाने ओझे वाहिले आहे, आणि दोन्ही बाजूंची झीज सारखी नसेल तर ते ओझे कोणत्या बाजूला टांगले जाई तेही दिसते. सहा व्होल्टची वायरिंग बारावर नेली असेल, मूळ कार्बोरेटरच्या जागी दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवण्यासाठी हाताने कापलेली जोडपट्टी असेल, तर मूळ भाग कोणत्या काळात मिळेनासा झाला याचा अंदाज बांधता येतो. सीटचे रेक्झिन कितीदा बदलले ते खालच्या थरांत मोजता येते. भोरचे नाव धारण करणारी भोर इंडस्ट्रीज ही पी.व्ही.सी.चे लेदरक्लॉथ बनवणारी प्रसिद्ध कंपनी होती, हे लक्षात घेतले तर तो थरही स्थानिक इतिहासाच्या कक्षेत येतो. यातली एकेक खूण किरकोळ आहे. एकत्र ठेवल्या की त्यांतून रस्ता, धंदा, बाजार आणि कारागिरी यांची माहिती मिळते, आणि ही माहिती तालुक्याच्या कोणत्याही सरकारी दप्तरात या तपशिलाने सापडणार नाही. नोंदणीचे पुस्तक मालकाचे नाव सांगते, गाडीने काय काम केले ते सांगत नाही.

इथे खोललेल्या गाडीला खास महत्त्व येते. जुनी मोटारसायकल गोणीत आणि डब्यांत भरलेल्या भागांच्या रूपात हाती येते तेव्हा नवा मालक ती मोडलेली गाडी समजतो. खरे तर अशी गाडी बहुधा अर्धवट राहिलेली दुरुस्ती असते. कुणीतरी इंजिन उतरवले, क्रँक उघडला, पिन किंवा बेअरिंग आणायला माणूस पुण्याला गेला आणि काम तिथेच थांबले. ते का थांबले, याचे उत्तर काळाच्या ओघात आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी तंत्राच्या १०० सीसी गाड्या आल्या. १९८५ ची हिरो होंडा सीडी १०० ही फोर-स्ट्रोक गाडी पेट्रोल वाचवण्यात जुन्या गाड्यांना खूप मागे टाकणारी होती. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोकची सद्दी संपली. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला, २००० नंतरच्या काही वर्षांत राजदूतही थांबली. कारखाना बंद झाला की भाग आटतात, भाग आटले की उघडलेले इंजिन उघडेच राहते, आणि तोवर दारात नवी गाडी आलेली असते. उघडलेले इंजिन फेकवत नाही म्हणून ते पडवीत, माळ्यावर, गोठ्याच्या कोपऱ्यात जाते. परवान्यांच्या काळातली दुरुस्तीची पद्धत कोणत्या क्षणी थांबली, ते अशा गोणीत पाहायला मिळते. कोणते भाग नवे आणून ठेवले होते, कोणता भाग मिळाला नाही, कुठले नट तारेत ओवून ठेवले होते, हे सगळे शेवटच्या मेकॅनिकने मागे ठेवलेले टिपण आहे. गोणी उलटी करून सगळे एकदम रॉकेलच्या घमेल्यात टाकले की ते टिपण पहिल्याच संध्याकाळी नष्ट होते.

घरात पडून राहिलेल्या वस्तूचे मोल किती असू शकते याचा धडा भोर तालुक्यानेच महाराष्ट्राला दिला आहे. रोहिड खोऱ्यातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली शकावली, म्हणजे सालवार घटनांची नोंद, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रकाशात आणली. शिवजन्माची तिथी कोणती या वादात पुढे जे पुरावे निर्णायक ठरले त्यांत ही शकावली अग्रभागी आहे. एका घराने कागद जपला आणि तो जसा होता तसा छापला गेला, म्हणून त्याला पुरावा म्हणून वजन आले. १८९८ पासून इतिहासाची साधने खंडाखंडाने छापणाऱ्या इतिहासकार राजवाड्यांच्या परंपरेतही मूळ कागदाचे स्थान हेच आहे. अस्सल पत्राचे मोल त्याच्या अस्सलपणात असते. संपादकाने आपल्या समजुतीने ते सुबक करून घेतले तर ते पत्र पुरावा म्हणून संपते. मोटारसायकल आणि शकावली यांचे महत्त्व सारखे आहे, असा याचा अर्थ नाही. साधनाशी वागण्याचा नियम मात्र दोन्हीकडे एकच आहे: आधी वाचा, नोंद करा, मग हात लावा.

हा नियम माझ्या पदरचा नाही. वास्तूंच्या जतनाबद्दल १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले की एखाद्या वास्तूवर वेगवेगळ्या काळांनी जे केले त्या सगळ्याचा मान राखावा. एकाच काळाचे रूप साधणे हे जतनाचे उद्दिष्ट नव्हे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिवाने, त्याच विचारावर आधारलेली तुरीन सनद २०१३ मध्ये लागू केली. वाहनाचा वापर, त्यात झालेले बदल आणि त्याच्या आयुष्याच्या खुणा हाही वारसा आहे, शक्य तितका कमी हस्तक्षेप करावा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, ही तिची दिशा आहे. वेल्हे तालुक्यात या विचाराचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांची नोंद झाली, त्यांत राजगड आहे. राजगडावरच्या एखाद्या पडक्या जोत्यावर कल्पनेने नवा वाडा उभारावा असे कोणी जाणता माणूस म्हणणार नाही. गडावर ही जाण ठेवणाऱ्याने पायथ्याच्या गावातल्या यंत्राशीही तिला धरून वागावे, एवढेच माझे मागणे आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की ज्याला मी कारागिरी म्हणतो ती गरिबीची तडजोड होती. भाग मिळत नव्हते म्हणून लोकांनी जुळवाजुळव केली. मिळाले असते तर कोणीही लेथवाल्याकडे गेले नसते, मग अशा जुगाडाला वारसा कशाला म्हणायचे? आक्षेपातले पहिले विधान खरे आहे. टंचाई नसती तर या दुरुस्त्या झाल्या नसत्या. पण निष्कर्ष त्यातून निघत नाही. गरज हे कौशल्याचे कारण असते. त्यामुळे कौशल्य खोटे ठरत नाही. झिजलेल्या क्रँकमधून पिन दाबून काढणे, नवी बसवणे आणि दोन्ही चकत्या पुन्हा एका रेषेत आणणे हे काम मोजमापाचे आहे. ते चुकले की इंजिन काही दिवसांत बसते, आणि दुरुस्तीनंतर वर्षानुवर्षे चाललेले इंजिन हाच ते बरोबर झाल्याचा दाखला. वाईट दुरुस्त्याही झाल्या, हेही मान्य करायला हवे. हातोड्याने ठोकलेले बेअरिंग, एम-सीलने बुजवलेली केसिंगची चीर, तारेने आवळलेला सायलेन्सर हेही सापडते. नोंदीत वाईट कामालाही जागा हवी, कारण त्यातून टंचाईचा आणि घाईचा अंदाज येतो. मात्र नोंद केली म्हणजे ते काम गाडीवर तसेच ठेवले पाहिजे, असे नाही. चांगले काम जपावे, वाईट काम नोंदवून सुधारावे, हा विवेक प्रत्येकाला करता येतो.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि तो अधिक ठोस आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी मूळ स्वरूपात असेल, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. कायदाच मूळ स्वरूप मागतो, मग दुरुस्तीच्या खुणा कशा ठेवायच्या? याला माझी दोन उत्तरे आहेत. एक तर नियमाचा रोख चेसिस, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या फेरबदलावर आहे. बोअर केलेला सिलिंडर, बदललेला बुश किंवा कॅरियरची पट्टी ही देखभाल आहे, आणि ती कधी व का झाली याची नीट नोंद असेल तर अर्जदाराची बाजू बळकटच होते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे वाटते. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई आहे. म्हणजे ही नोंदणी संग्रहातल्या वस्तूसाठी आहे. ज्याला गाडी नेहमी चालवायची आहे त्याचा रस्ता साध्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा, १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणीचा. दोन्ही रस्त्यांवर एक गोष्ट समान आहे: चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक कागदाशी जुळले पाहिजेत. इंजिन बदलले गेले असेल आणि पुस्तकात नोंद नसेल, तर पैसे देण्याआधीच ते कळलेले बरे. खोललेल्या गाडीत दोन गाड्यांचे भाग मिसळलेले असण्याची शक्यता नेहमी धरावी.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा आणि पर्यावरणाचा. इतिहास जपायचा म्हणून जुने ब्रेक, कडक झालेले टायर आणि तुटू घातलेली केबल ठेवायची का? मुळीच नाही. जिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे नवा भाग घालावा आणि जुना भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवावा. त्याने इतिहास जातो असे होत नाही. घरी काम करणाऱ्याने काही धोके आधीच ओळखावेत. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते; ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. वर्षानुवर्षे रिकाम्या असलेल्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते. तिला वेल्डिंगची ज्योत लावणे जिवावर बेतू शकते. क्रोम प्लेटिंगच्या सांडपाण्यात विषारी क्रोमियम असते, म्हणून ते काम घरी करायचे नाही आणि करून घेतानाही सांडपाण्याची सोय असलेल्या ठिकाणीच द्यायचे. अनावश्यक क्रोम टाळावे याला हेही एक कारण आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि सील खराब करते, ओलावा धरते आणि टाकी गंजवते. ते रबरी भाग बदलणे भाग आहे. टू-स्ट्रोकचा धूर ही या यंत्राची खरी उणीव आहे, तिचे समर्थन करता येत नाही. अशी गाडी मोजकी चालवावी, तेलाचे प्रमाण नेमके ठेवावे. नव्या गाडीच्या निर्मितीतही लोखंड आणि ऊर्जा लागते हे खरे असले तरी त्या आधाराने जुन्या धुराला माफी मागण्यात अर्थ नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. कारखान्याचाही इतिहास आहे; म्हैसूर किंवा मद्रासच्या कामगारांनी जे बनवले त्याचा मान कोण राखणार? सगळ्यांनी स्थानिक दुरुस्त्याच जपल्या तर मूळ गाडी कशी होती हे पुढच्या पिढीला कुठे दिसेल? यात तथ्य आहे आणि माझ्या म्हणण्याला त्यामुळे मर्यादा पडते. एखादे मॉडेल इतके दुर्मीळ असेल की त्याचे मूळ रूप दुसरीकडे पाहायलाच मिळत नाही, तर कारखान्याच्या रूपाचा हक्क मोठा मानावा. दुसऱ्या महायुद्धानंतर देशात राहिलेली एखादी ब्रिटिश गाडी अशी असू शकते. पण राजदूत आणि जावा-येझदी लाखांच्या संख्येने बनल्या. त्यांचे कारखान्याचे रूप छायाचित्रांत, माहितीपुस्तिकांत आणि संग्राहकांकडच्या चकचकीत गाड्यांत भरपूर जपलेले आहे. त्या संग्रहांत भर घालणारी आणखी एक चकचकीत राजदूत नवे काही सांगणार नाही. वेळवंड खोऱ्यात वीस वर्षे दूध वाहिलेली राजदूत मात्र एकदाच होती. तिच्या पट्ट्या कापून, रंग खरवडून, नव्या क्रोमने ती मढवली तर हजारांतली एक होईल आणि तिच्यापाशीच असलेली माहिती जाईल. बाजारात चकचकीत गाडीला जास्त भाव येतो, हे मान्य. विकण्यासाठी गाडी करणाऱ्याला मी अडवू शकत नाही. निदान त्याने कामाआधी छायाचित्रे काढावीत आणि काढलेले भाग नव्या मालकाला द्यावेत.

हे प्रत्यक्षात अवघड नाही. गोणी उघडण्याआधी ती ज्या घरातून आली तिथल्या मोठ्या माणसांशी बोलावे: गाडी कोणी घेतली, कशासाठी वापरली, शेवटी कोणत्या गॅरेजात उघडली, का थांबली. मग प्रत्येक डबा जसा आहे तसा छायाचित्रात घ्यावा आणि यादी करावी. चेसिस व इंजिनाचे क्रमांक, पिस्टनचे माप, स्प्रॉकेटचे दात, वेल्डिंगच्या जागा, रंगाचे थर वहीत उतरवावेत. त्यानंतर ठरवावे की काय ठेवायचे, काय सुधारायचे, काय बदलायचे. नव्या भागावर लहानशी खूण किंवा साल कोरावे, म्हणजे पुढच्या माणसाला जुने आणि नवे वेगळे ओळखता येईल. रंगाचा जुना थर टिकत असेल तर गंज थांबवून तो राहू द्यावा. गाडी सुरू झाल्यावर वही बंद करू नये. आपणही या गाडीच्या दुरुस्तीच्या इतिहासातले एक मेकॅनिक आहोत आणि आपले काम पुढे कुणाला तरी वाचायचे आहे.

या कामाला मुदत आहे. राजदूत आणि येझदीवर हात बसलेले मेकॅनिक आता वयस्क आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत दुचाकीची दुरुस्ती भाग बदलण्यावर आली. तालुक्यातल्या महाविद्यालयांनी आणि आयटीआयनी आपल्या विद्यार्थ्यांना वही घेऊन त्यांच्याकडे पाठवावे. इतिहासाचा विद्यार्थी आणि फिटरचा विद्यार्थी एकत्र गेले तर उत्तम, कारण एकाला काय विचारायचे ते कळते आणि दुसऱ्याला उत्तर कळते. आणि ज्यांच्या माळ्यावर अशी गोणी पडून आहे त्यांना विनंती आहे की ती भंगाराच्या गाडीवर घालण्याआधी एकदा उघडून पाहा. गाडी पुन्हा उभी करणे प्रत्येकाला जमेल असे नाही, तिची नोंद करणे मात्र प्रत्येकाला जमते.